पाठकोऱ्या कागदावरचं मौन

तीर्थरूप वन्सं यांच्या पायांशी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर गेले चार दिवस धरली आहे, म्हणून सध्या अर्धंच वाकले आहे. उरलेलं प्रत्यक्ष भेटीत पुरं करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? मागल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की उजवा बरा झाला तर डाव्याने धरलं. माणसांत नसेल एवढी चढाओढ हल्ली गुडघ्यांत असते. शेकत असालच. नसाल तर शेकावं. तुमचे बंधुराज खुशाल आहेत, किंबहुना इतके खुशाल मी त्यांना लग्नानंतर पाहिलेलं नाही. त्यांच्या खुशालीचं कारण म्हणजेच या पत्राचा विषय. तो सांगायचा तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल, आणि मी मागून सुरुवात केली की किती मागे जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शेगडीवर दूध असेल तर आधी उतरवून या, मी थांबते.

आमच्याकडे एक बोका आहे. तुम्ही आला होतात तेव्हा तो नव्हता. उजव्या कानामागे शाई सांडल्यासारखा डाग, आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच एका जागी बसून फार काम चाललंय असा चेहरा, म्हणून त्याचं नाव कारकून. जेवायला तो समोरच्या गल्लीतल्या शिवणबाईंकडे जातो आणि झोपायला आमच्याकडे येतो, म्हणजे खर्च त्यांचा आणि केस आमच्या गादीवर, पण ते असो. या शिवणबाई माझ्या वीस वर्षांच्या मैत्रीण. मशीन चालवून त्यांनी मुलगी वाढवली, शिकवली. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्या डब्यात असते आणि माझी त्यांच्या खडूंच्या डबीत. एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळेलच. तर मागच्या महिन्यात भर पावसात हा कारकून नाहीसा झाला. आठ दिवस पत्ता नाही. शिवणबाई मशीन बंद करून गल्लीगल्लीत हाका मारत फिरल्या, आणि मी देवासमोर बसले. (दोघींतलं कष्टाचं काम कोणी केलं ते तुम्हीच ठरवा.) आता देवाला काय बोलावं? साखर सोडीन म्हणावं तर साखर मी आधीच कमी घालते, देवाला ते माहीत आहे. उपास करीन म्हणावं तर उपासाच्या दिवशी मी जास्त खाते, तेही त्याला माहीत आहे. शेवटी मनाचा हिय्या करून म्हटलं, देवा, कारकून परत येऊ दे, येत्या रविवारी सूर्योदय ते सूर्यास्त मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. आणि वन्सं, हे बोलून मी उठते न उठते तोच कारकून खिडकीतून आत आला! कान फाटलेला, पण पोट मात्र गोल. तुमचे बंधू वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "देवसुद्धा कशाची तरी वाटच बघत होता म्हणायचा."

रविवार उजाडला तो मुसळधार पाऊस घेऊन. मी अंघोळ करून देवाला नमस्कार केला, ओठ मिटले, आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की या घराचा गाडा माझ्या जिभेवर चालतो. टॉवेल कुठे आहे, हे मी सांगायचं. गॅस बंद करा, हे मी सांगायचं. चष्मा डोक्यावर आहे, हे तर मीच सांगायचं. हे अर्धा तास डोक्यावरचा चष्मा शोधत घरभर फिरले आणि मी मागोमाग आपल्या कपाळावर टिचक्या मारत फिरले. त्यांना वाटलं मी नशिबाला बोल लावते आहे, आणि ते मला म्हणाले, "असू दे, एकच दिवस आहे." तेव्हा मी ठरवलं की आता लिहूनच सांगायचं. लिहायला म्हणून दहावीच्या परीक्षेचं शाईचं पेन काढलं. (अजून चालतं. पासष्ट टक्के त्याच पेनाने मिळवले होते, त्यातले गणितातले जास्त.) मौन पवित्र, तर त्याचं पेनही बरं असावं, एवढाच हेतू. कागद मात्र कोरा घेतला नाही. कोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहिणं म्हणजे पाय पुसायला शालू घेणं. मी घेतले पाठकोरे, आणि हे पाठकोरे कुठले ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वन्सं, रागावू नका. घरखर्चाची वही माझी निराळी, ती तुम्ही पाहिली आहे आणि तिचं कौतुकही केलं आहे. पण माझी आणखी एक वही असते, ती तुम्ही पाहिलेली नाही, आणि पाहिली असतीत तर कौतुक केलं नसतंत. आल्यागेल्याची वही. कोण आलं, किती वाजता, गेलं किती वाजता, काय घेतलं, आणि शेवटचा रकाना शेरा. आम्हाला शाळेत एक बाई होत्या, त्या सांगत, तक्ता कुठलाही असो, शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे झोपलेला पहारेकरी. इतर मुलींनी ते परीक्षेपुरतं ऐकलं, मी संसारभर ऐकलं. लग्न झाल्यापासून या घरात आलेला एक माणूस शेऱ्यावाचून गेलेला नाही. नावं मी आद्याक्षरांत लिहिते, आणि रकाना अरुंद असल्यामुळे त्यात आदरार्थी बहुवचन बसत नाही, त्यामुळे सगळेच आला-गेला होतात. बॉलपेन पातळ कागदावर पलीकडे उमटतं म्हणून पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, आणि वही भरली की मागच्या कोऱ्या बाजू चिठ्ठ्यांना वापरायच्या. गेली कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, कारण चिठ्ठ्या घरातल्या घरात असत आणि तुमचे बंधू एका बाजूचंसुद्धा पुरतं वाचत नाहीत.

त्या रविवारी मी नुकत्याच भरलेल्या वहीतली तीन पानं ओळीने फाडली. पहिल्यावर लिहिलं जनावरांच्या डॉक्टरांना, की बोक्याचा कान फाटला आहे, लावायला मलम द्यावं. दुसऱ्यावर शिवणबाईंना, की आज माझं मौन आहे, तरी संध्याकाळी या, कारकून परत आला त्याबद्दल दोघी बसू. तिसऱ्यावर वाण्याला सामानाची यादी. तिन्ही चिठ्ठ्या यांच्या सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि हातात छत्री दिली. (छत्री बारा वर्षांची आहे. एक काडी सुटलेली आहे, पण ती नेमकी कोणाच्या खिशावर गळेल हे मला काय ठाऊक?) आता तुमच्या लक्षात आलंच असेल, माझ्या नव्हतं आलं. शाई पावसात विरघळते, वन्सं. बॉलपेन विरघळत नाही.

हे गेले आणि ठरल्या वेळी घड्याळजी आले. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि यांचे बुद्धिबळातले जोडीदार. गेली अकरा वर्षं रविवारी दहाच्या ठोक्याला येतात. बरोबर त्यांचा म्हातारा कुत्रा, नाव गजर, कारण तो दर तासाला एकदा भुंकतो आणि अधेमधे कितीही चोर आले तरी भुंकत नाही. गजर खुर्चीखाली झोपला, कारकून कपाटावर चढून कामाला लागला, आणि घड्याळजींनी बोलायला सुरुवात केली. दुकानात घड्याळांची टिकटिक ऐकून ऐकून त्यांचा रविवारी बांध फुटतो. एरवी मी मध्ये मध्ये बोलून बंधारे घालते. त्या दिवशी नुसती मान हलवत होते. तासाभराने ते भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "वहिनी, तुमच्याशी गप्पा मारायला इतकी मजा आजवर कधी आली नव्हती." मी एक मान आणखी हलवली.

बाराच्या सुमाराला हे निथळत आले. एका हातात सामान आणि दुसऱ्या हातात औषधाची बाटली. बाटली म्हणजे केवढी? कारकून तीत उभा राहिला असता. त्याबरोबर डॉक्टरांचा कागद. मी भांड्यांत गुंतले होते, तो घड्याळजींनी घेतला आणि मोठ्याने वाचला. "जनावर न पाहता नक्की सांगता येत नाही. बैल असावा असे धरून औषध देत आहे. चारा दोन दिवस बंद. औषध सकाळ-संध्याकाळ दोघांनी धरून पाजावे. तरीही बसल्या जागेवरून उठत नसल्यास शेपटी पिरगाळावी." माझ्या हातातली वाटी पडली. मागोमाग डॉक्टरांनी परत पाठवलेली माझी चिठ्ठी आली. तिच्यावर माझी बाजू म्हणजे निळं आभाळ, आणि दुसऱ्या बाजूला बॉलपेनने स्वच्छ: "घ. आला दहाला. बसला की उठत नाही. पुढे येईल ते सगळं खातो, वर दोन तांबे पाणी. खाणं झालं की डोळे मिटून डुलतो. खाकरलं, भांडी आपटली, हलत नाही. शेरा: यावर इलाज नाही." डॉक्टरांनी यांना विचारलं होतं म्हणे, की बैल आहे का. हे म्हणाले, "मला काही माहीत नाही, घरचं सगळं तीच बघते."

घड्याळजींनी तो शेरा दोनदा वाचला. मी जमिनीत जायला तयार होते, जमीनच तयार नव्हती. तुमचे बंधू पटावर उंट शोधत होते, तो त्यांच्या हातातच होता. शेवटी घड्याळजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणता इलाज नाही, डॉक्टर म्हणतात आहे. मला डॉक्टरांचं पटतं. फक्त ते चारा बंदचं तेवढं जमणार नाही," आणि पाटावर येऊन बसले. असा माणूस, वन्सं! मी त्यांच्या ताटात त्या दिवशी न विचारता तूप वाढलं. (हे पाहून यांनी आपलंही ताट पुढे केलं. त्यांना म्हटलं... म्हणजे नुसतं पाहिलं.)

पण मी हातातला घास ताटात ठेवला. घड्याळजींचं पान जर डॉक्टरांकडे गेलं, तर उरलेली दोन कोणाची? वही काढून फाटलेल्या पानांच्या आधीचं आणि नंतरचं वाचलं, तारखा जुळवल्या. शिवणबाईंना गेलेल्या पानावर शिवणबाईच होत्या.

इथे मला हसता येत नाही, तेव्हा तुम्हीही जरा थांबा. शिवणबाईंची मुलगी नोकरीला लांब गेली त्याला दोन वर्षं झाली. आधी पत्रं येत. मग कमी झाली. तरी शिवणबाई दर महिन्या-दीड महिन्याने येतात, म्हणतात पोरीचं पत्र आलंय, ऐका, आणि वाचून दाखवतात. ते पत्र एकच आहे, वन्सं. घडीवर झिजलेलं. मला ते दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, कारण त्यात दिवाणाच्या चादरीबद्दल जे वाक्य आहे ते मला पाठ झालंय. मी कधी बोलले नाही. पण वहीत लिहिलं, कारण रकाना रिकामा ठेवायचा नाही ना! पानावर होतं: "शि. दुपारी तीन ते साडेचार. चहा दोन कप. मुलीचं नवीन पत्र म्हणून वाचलं. नवीन नाही, तेच जुनं, चौथ्यांदा. तारखेवर अंगठा ठेवून वाचते. शेरा:" आणि तिथे पान संपलं होतं. शेरा पुढच्या पानावर. आणि पुढचं पान वाण्याकडे.

यांना खुणेने विचारलं, चिठ्ठी शिवणबाईंच्या हातात दिलीत का? हे म्हणाले, मशीन चालू होतं, हाक ऐकू गेली नाही, दाराखालून सरकवली. उंबऱ्याशी पाणी होतं का? "होतं की, घोटाभर." झालं. मी देवासमोर जाऊन बसले, पण काय मागणार? बोलायचं नाही असं त्यालाच सांगून बसले होते.

साडेसहाला दार वाजलं. शिवणबाई. डोक्यावर पदर ओला, हातात ते पान. घड्याळजी "या, या" म्हणत उठले आणि त्यांचा चेहरा बघून परत बसले. शिवणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता विचारलं, "चौथ्यांदा? मोजत होतात तुम्ही?"

वन्सं, तुम्ही मला सासरी आल्यापासून ओळखता. ही जीभ कधी अडली का कुठे? आणि नेमकी जेव्हा तिची खरी गरज पडली तेव्हा मी ती देवाकडे गहाण टाकलेली. बोलावं तर नवस मोडतो आणि कारकून जातो (मला तेव्हा असंच वाटत होतं, आता हसा), न बोलावं तर ही जाते. मी धावत पेन आणलं आणि समोर पडलेल्या कागदावर "थांबा" लिहून पुढे केलं. शिवणबाईंनी तो हातात घेतलाच नाही. म्हणाल्या, "त्याच्या मागे काय आहे ते आधी बघा." मी उलटून पाहिलं. मागे खरंच कोणीतरी होतं. "शेरा लिहायला जागा पुरली नाही वाटतं? नाही पुरली तरी कळला मला," असं म्हणून त्यांनी कमरेची डबी काढली, खडूंमधून आमच्या घराची किल्ली काढली, मेजावर ठेवली आणि जिना उतरल्या. किल्लीला खडूची पांढरी पूड लागली होती. वीस वर्षांत ती किल्ली कधी परत आली नव्हती.

मी उठले, पायात एक माझी आणि एक घड्याळजींची चप्पल घातली, आणि पावसात धावत सुटले. छत्री नाही. ती मी स्वतः कधीच नेत नाही, लवकर खराब होते.

वाण्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं, आणि माझं पान तागडीच्या वर खिळ्याला टांगलेलं. कारण शिवणबाईंच्या शेऱ्याखाली त्याच पानावर खुद्द वाणी होता: "वा. सामान घेऊन आला, पाऊण तास दारात बोलला. शेरा: काटा आणि जीभ, दोन्ही स्वतःच्या बाजूला झुकतात." ते त्याने सकाळपासून येईल त्याला वाचून दाखवलं होतं, आणि यादी धुऊन गेली तरी माझं नेहमीचं सामान दाणादाणा मोजून, चार साक्षीदारांसमोर दिलं होतं. मी पानाकडे बोट केलं. वाणी म्हणाला, "बोला वहिनी, बोला! लिहिताना काही अडलं नाही." मी ओठांवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "मी गप्प बसू? माझ्याच दुकानात?" मी वर आभाळाकडे हात केला, मग बोक्याचे कान करून दाखवले, मग मिशा, मग हात जोडले. एक गिऱ्हाईक हळूच बाजूला सरकलं. दुसरं म्हणालं, "बिचारी. कधीपासून?" वाण्याला मात्र मिशांवरून आठवलं. म्हणाला, "तुमच्या बोक्याचं म्हणताय? तो आठ दिवस माझ्या गोदामात होता नोकरीला. उंदरांवर ठेवला होता. मोठ्या घुशीने कान फाडला तेव्हा राजीनामा देऊन गेला. सांगायचं राहिलंच."

वन्सं, त्या क्षणी मी गप्प राहिले हे माझ्या आयुष्यातलं एकमेव पुण्य आहे, आणि ते देवाने निराळं लिहून ठेवावं.

पान काही तो देईना. शेवटी पाटीवरचा भाव पुसून त्याने पाटी माझ्यापुढे केली आणि म्हणाला, नवा शेरा लिहा, मग जुना न्या. मी लिहिलं, "काटा चोख." तो म्हणाला, "आणि जीभ?" मी लिहिलं, "गोड." ती पाटी अजून तिथे टांगलेली आहे. येणारे-जाणारे वाचतात आणि खाली माझं नाव आहे, म्हणून विश्वास ठेवतात. माझ्या सगळ्या शेऱ्यांत खोटा तेवढा एकच, आणि तेवढाच लोकांनी वाचावा, असं माझं नशीब.

पान छातीशी धरून शिवणबाईंकडे पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. त्या मशीनपाशी बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. कारकून कापड बेतायच्या टेबलावर बसून दोन्ही घरांचं काम बघत होता. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. पान भिजून लगदा व्हायला आलं होतं, पण बॉलपेन टिकलं होतं. तिथे होतं: "मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकते असं दाखवायचं. पाचव्यांदा आणलं तरी तसंच. विसरू नये."

त्यांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. दोनच ओळी, पण वर पाहिनात. तोवर दारात हे छत्री घेऊन, त्यांच्यामागे एकाच चपलेवर घड्याळजी, आणि घड्याळजींच्या मागे गजर, असे येऊन उभे राहिले होते.  माझ्या नवसाचा मान ठेवून शिवणबाईही बोलल्या नाहीत. त्यांनी डबीतला खडू घेतला आणि कापडाच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "शेरा: पाचव्यांदा वाचू?"

मी म्हटलं, "वाचा."

मागून घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "वहिनी, सूर्यास्ताला अजून चार मिनिटं होती." (ती चार मिनिटं मी दुसऱ्या दिवशी सकाळी गप्प राहून भरून काढली. हे म्हणतात तू तेव्हा झोपेत होतीस. असेन. मौन ते मौन.) शिवणबाईंनी पत्र काढलं, तारखेवर अंगठा ठेवायला गेल्या, आणि मग बाजूला घेतला. चादरीचं वाक्य आलं तेव्हा माझ्याही तोंडून त्यांच्याबरोबर निघालं, आणि आम्ही दोघी अशा हसलो की डोळे पुसायला त्यांना एक शिवायला आलेला झंपर घ्यावा लागला. मी निघताना त्या म्हणाल्या, "किल्ली कुठेय माझी?" मी मुठीतून काढून दिली. धावताना ती कधी उचलली ते मला अजूनही आठवत नाही.

तर वन्सं, असा हा आमचा शांत रविवार. त्या दिवसापासून मी आल्यागेल्याची वही कायमची बंद केली आहे. जुन्या सगळ्या वह्या जाळून टाकल्या. माणसांवर शेरे मारणं हे आपलं काम नव्हे, ज्याने माणसं केली त्याचं आहे, एवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलं. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि गुडघ्याला मी विचारलं म्हणून सांगा.

तुमची,
बोलकी भावजय

ता. क. तुम्ही विचाराल की हे सगळं मला का लिहिलं? शिवणबाईंची मुलगी तुमच्याच गावात आहे. पोस्टामागच्या मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. तुमच्या घरापासून गुडघा धरून वीस मिनिटं. तुम्ही त्या खिडकीपाशी जावं आणि तिला तुमच्या पद्धतीने दोन वाक्यं बोलावीत. जास्त नकोत, मुलगी आहे, नोकरी आहे. मोठं पत्र नको म्हणावं, चार ओळी पुरेत, फक्त तारीख नवी असावी. मी सांगितलं हे तिला सांगू नये, आणि शिवणबाईंना तर नाहीच नाही. (एका मैत्रिणीचं गुपित मी आठ पानांत कळवलं, त्यावरून मौन माझ्यात किती मुरलं ते दिसेलच.)

ता. क. दुसरा. वह्या जाळल्या असं वर लिहिलं, ते पुठ्ठ्यांपुरतं खरं आहे. पानं जाळवली नाहीत. एक बाजू कोरी होती.

ता. क. तिसरा. पाकिटात घालताना आता लक्षात आलं की हे शेवटचं पान तुमच्या मागल्या मुक्कामाचं आहे. उलटू नये, अशी हात जोडून विनंती. पण तुम्ही उलटलंत, हेही मला ठाऊक आहे, कारण "व." म्हणजे कोण हे तुम्हाला कोणी सांगायला नको. तेव्हा एवढंच सांगते की त्या बाजूला जे आहे ते अर्धं आहे. शेरा पुढच्या पानावर गेला आहे. ते पान मी जपून ठेवलं आहे, आणि शिवणबाईंकडे नव्या तारखेचं पत्र आलं की त्याच टपालाने पाठवते.